सर्वस्व द्यावेसे वाटते तेव्हा

रिट्रीटहून घरी परतताना, पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी पाहताना, किंवा आजारी माणसाच्या उशाशी रात्र जागताना कधी तरी मनात लख्ख उमटते की आजवर आपण फार हात राखून दिले, आता आणखी द्यायला हवे. कुणाला नोकरी सोडून पाड्यावरच्या मुलांना शिकवायला जावेसे वाटते. कुणाला दुरावलेल्या भावाला घरी आणून सांभाळावेसे वाटते, कुणाला बहिणीला आपले मूत्रपिंड द्यावेसे वाटते, तर कुणाला आपण सिस्टर किंवा फादर व्हावे असे वाटू लागते. ही ओढ देवाकडून आलेली असू शकते, म्हणून तिला भावनेचा भर समजून झटकून टाकू नये. मात्र ती आली त्या आठवड्यात कुठलाही मोठा निर्णय घेऊ नये. कॅथलिक परंपरेत त्यागमय प्रेमाचे पाचारण आधी पारखले जाते आणि मग स्वीकारले जाते. या पारखण्यात श्रद्धेची कमतरता मुळीच नाही.

मदर तेरेसांचे उदाहरण आपल्याला सर्वांत जवळचे. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगला जाणाऱ्या गाडीत त्यांना गरिबांतल्या गरिबांमध्ये जाऊन राहण्याचे पाचारण झाले, हे आपल्या घरांतल्या लहान मुलांनाही ठाऊक असते. त्यानंतरची दोन वर्षे मात्र कुणी सांगत नाही. मदर कोलकात्याला परतल्या आणि त्यांनी सगळे आपले आध्यात्मिक मार्गदर्शक फादर सेलेस्त व्हॅन एक्झेम यांच्यापुढे ठेवले. फादरांनी आधी काही महिने थांबायला सांगितले. पुढे आर्चबिशप पेरिए यांना लिहायची परवानगी मिळाली, तर आर्चबिशपांनीही घाई केली नाही. ते प्रश्न विचारत राहिले, शंका काढत राहिले. याच काळात मदरांची बदली आसनसोलला झाली आणि त्या गेल्या. रोमहून परवानगी यायला १९४८ उजाडले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये निळ्या काठाची पांढरी साडी नेसून त्या लोरेटोच्या कॉन्व्हेंटबाहेर पडल्या, पण थेट झोपडपट्टीत गेल्या नाहीत. आधी पाटण्याला जाऊन वैद्यकीय सेवेतल्या धर्मभगिनींकडे त्या शुश्रूषा शिकल्या. आपल्या सिस्टर्सनी फक्त मीठ-भात खाऊन राहावे असे तेव्हा त्यांच्या मनात होते. पाटण्याच्या सिस्टर्सनी त्यांना ठणकावले की असल्या आहारावर तुमच्या मुली आजारी पडतील, मरतील, मग गरिबांची सेवा कोण करणार? मदरांनी ते ऐकले. मला त्यांच्या चरित्रातला हा प्रसंग गाडीतल्या साक्षात्काराइतकाच पवित्र वाटतो. आपल्या त्यागाचे माप दुसऱ्याने दुरुस्त केलेले त्यांनी मान्य केले.

तेव्हा तुमच्या मनात अशी ओढ जागी झाली असेल, तर पहिले काम म्हणजे ती एका कागदावर साध्या शब्दांत लिहून ठेवणे. मला नक्की काय करावेसे वाटते? कुणासाठी? हे केव्हा आणि कशातून मनात आले? खाली तारीख घाला. दुसरे काम म्हणजे ती एकाच माणसाला सांगणे. तो तुमचा नेहमीचा पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू असेल, एखादी अनुभवी सिस्टर असेल किंवा आध्यात्मिक मार्गदर्शनाची जाण असलेली प्रापंचिक व्यक्ती असेल. मात्र तुमचे कौतुक करणारा नको, तुम्हाला अडवू शकेल असा माणूस निवडा. प्रार्थनागटात, व्हॉट्सॲपवर, नातेवाइकांत बोभाटा करू नका. चार लोकांनी वाहवा केली की माघार घेणे अवघड होते, आणि मग आपण देवाला उत्तर देत आहोत की लोकांना, हेच कळेनासे होते.

या थांबण्याच्या काळात काय करायचे, हे लोयोलाच्या संत इग्नाशियसने आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात फार व्यवहारी रीतीने सांगितले आहे. त्याने सुचवलेल्या कल्पना घरात बसून, कुठल्याही खर्चाशिवाय करता येतात. तुम्हाला पूर्ण अनोळखी असा एक माणूस नेमका तुमचाच प्रश्न घेऊन तुमच्याकडे आला आहे असे समजा. त्याचे भले व्हावे एवढीच तुमची इच्छा आहे, तर त्याला काय सल्ला द्याल? मग आपण मृत्युशय्येवर आहोत असे समजा. त्या घडीला मागे वळून पाहताना आज कोणता निर्णय घेतलेला बरे वाटेल? शेवटी, ख्रिस्तासमोर हिशेब द्यायला उभे आहोत असे डोळ्यांपुढे आणा. या कल्पना एकाच दिवशी उरकू नका. प्रत्येकीला काही दिवस द्या आणि प्रार्थनेनंतर मनाची जी अवस्था राहते ती त्याच कागदावर टिपत जा. निर्णयाचा विचार करताना थोडी भीती वाटली तरी तळाशी शांती, मोकळेपणा आणि इतरांविषयी वाढलेली माया राहत असेल, तर ते चांगले चिन्ह आहे. मनात घाई असेल, ‘हे केले नाही तर देव माझ्या मुलाबाळांना शिक्षा करील’ अशी धास्ती असेल, घरच्यांविषयी तुच्छता वाटू लागली असेल, तर थांबा. धमकावून प्रेम मागणे ही देवाची रीत नव्हे.

दूरच्या त्यागाची ओढ लागली की जवळचा दिसेनासा होतो. १८४४ साली फ्रान्समधल्या वाल्स इथे जेझुइट संघाचे तरुण विद्यार्थी अगदी अस्वस्थ झाले होते. हिंदुस्थानातल्या मिशनकार्याच्या कथा ऐकून त्यांना तिकडे जाऊन सर्वस्व द्यायचे होते, आणि इथे तर अभ्यासाची वर्षे संपता संपत नव्हती. ३ डिसेंबरला, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाला, फादर फ्रान्स्वा झेवियर गोत्रले यांनी त्यांना सांगितले की ज्या मिशनची स्वप्ने पाहता त्यासाठी आजचा अभ्यास, आजचा कंटाळा, आजची आज्ञाधारकता देवाला अर्पण करा. त्यातून सकाळच्या अर्पणाची प्रार्थना जगभर पसरली आणि आज पोपमहोदयांचे विश्वव्यापी प्रार्थनाजाळे म्हणून ओळखले जाणारे काम उभे राहिले. सकाळी उठल्याबरोबर, चहाच्या आधी, आपल्या शब्दांत दोन वाक्यांत दिवस अर्पण करायची सवय लावा. मात्र नुसते ‘माझी सर्व कामे’ असे मोघम म्हणू नका. आज जे जड जाणार आहे त्याचे नाव घ्या. विरारची सकाळची लोकल. कार्यालयातला तो एक माणूस. आईचे अंथरूण बदलणे. नाव घेतले की ती गोष्ट समोर येते तेव्हा अर्पण आठवते.

लिझ्यूच्या संत तेरेझाने हीच वाट शेवटपर्यंत चालून दाखवली. पंधराव्या वर्षी ती कार्मेल मठात गेली आणि चोविसाव्या वर्षी, ३० सप्टेंबर १८९७ रोजी, क्षयाने गेली. मधल्या काळात तिने मठाची कुंपणभिंत ओलांडली नाही. तिचा त्याग होता तो असा. प्रार्थनेच्या वेळी मागे बसलेली एक सिस्टर सतत चमत्कारिक आवाज करायची, तो मागे वळून न पाहता सोसणे. कपडे धुताना समोरचीने उडवलेले घाण पाणी तोंडावर आले तरी मागे न सरणे. एका वृद्ध, चिडखोर, अपंग सिस्टरला रोज हात धरून भोजनगृहात नेणे आणि तिची कुरबुर ऐकत तिची भाकरी कापून देणे. स्वभावतःच जिचा तिटकारा यायचा तिच्याशी ती इतकी प्रेमाने वागे की त्या सिस्टरने एकदा विचारलेच, माझ्यात तुला एवढे काय आवडते?

तेरेझाच्या काळी फ्रान्समधल्या अनेक धार्मिक स्त्रिया देवाच्या न्यायाला बळी म्हणून स्वतःला अर्पण करत. पाप्यांवर पडणारी शिक्षा माझ्यावर पडो, अशी ती प्रार्थना असे. तेरेझाने त्यांच्या औदार्याचा मान राखला, पण स्वतः ती वाट धरली नाही. ९ जून १८९५ रोजी, पवित्र त्रैक्याच्या रविवारी, तिने देवाच्या दयाळू प्रेमाला स्वतःला अर्पण केले. लोक जे प्रेम नाकारतात ते माझ्यात ओता, असे तिचे मागणे होते. हा फरक नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. तेरेझाने दुःख गोळा केले नाही. तिने प्रेम स्वीकारले आणि त्या प्रेमापायी जे सोसावे लागले ते सोसले. आपल्याकडे उलटे होते. दुःख सोसणे हाच पुण्याचा साठा असे आपण मानतो, आणि देव आपल्यावर प्रेम करतो हे ऐकायला मात्र आपल्याला वेळ नसतो. जो स्वतः प्रेम घ्यायला बसत नाही, त्याचा त्याग काही वर्षांत कडवट होतो. म्हणून सेवा वाढवायची ठरवली असेल, तर आधी मौन प्रार्थनेची वेळ वाढवा. रोज वीस मिनिटे, पवित्र साक्रामेंतासमोर शक्य असेल तर तिथे, नाहीतर घरातल्या पवित्र हृदयाच्या तसबिरीसमोर, काही न मागता बसा. आणि तेरेझाने हे अर्पण करण्याआधी आपल्या मठाच्या मदरची परवानगी घेतली होती, हेही विसरू नका.

आता एक गोष्ट जरा कठोरपणे सांगायला हवी. नवऱ्याची मारहाण सोसत राहणे हा क्रूस आहे, तो उचल, असे आपल्या घरांत, कधी आपल्या प्रार्थनागटांतही बायकांना सांगितले जाते. ही ख्रिस्ताची शिकवण नाही. आपला प्राण कुणी हिरावून घेत नाही, आपण तो स्वतःहून देतो, असे येशू योहानाच्या शुभवर्तमानात सांगतो. महायाजकासमोर शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा त्याने मुकाट्याने दुसरा गाल पुढे केला नाही, मला का मारलेस, असा जाब विचारला. पती किंवा पत्नीपासून शरीराला वा मनाला गंभीर धोका असेल, तर वेगळे होण्यास रास्त कारण आहे, असे चर्चच्या कायद्यातले ११५३ वे कलम सांगते. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’मध्ये म्हटले आहे की दुर्बल जोडीदाराला किंवा मुलांना हिंसेपासून वाचवण्यासाठी वेगळे होणे कधी कधी नैतिकदृष्ट्या आवश्यकच असते. तुमच्या बाबतीत असे घडत असेल, तर तुम्हाला झालेले पाचारण सुरक्षित जागी जाण्याचे आहे. विश्वासातल्या फादरांना किंवा सिस्टरांना आजच सांगा. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा तुमच्या बाजूने आहे. क्षमा करणे आणि मार खात राहणे यांचा परस्परांशी काही संबंध नाही.

त्याग स्वतःहून दिलेला आहे की लादलेला, याच कसोटीवर बाकीचे त्यागही तपासा. तुमच्या त्यागाचे बिल कुणाच्या नावावर फाटते? रोज संध्याकाळी चर्चच्या कामाला जाणारा बाप पोरांचा अभ्यास, आजारी सासऱ्यांचे औषधपाणी, सगळे बायकोवर टाकून जात असेल, तर त्याग ती करते आहे, तोही तिला न विचारता. व्यसनी भावाला दर महिन्याला पैसे देणाऱ्या बहिणीनेही विचारावे की या पैशांनी तो जगतो आहे की आणखी बुडतो आहे. तुम्ही ज्याच्यासाठी झिजता आहात तो माणूस अधिक मोकळा, अधिक माणूस होत आहे का, हे बघा. तो अधिकाधिक परावलंबी होत असेल आणि तुम्हाला त्यातच समाधान वाटत असेल, तर ते मार्गदर्शकाला सांगा. हे सांगताना लाज वाटेल, तरी सांगा. अवयवदानासारख्या मोठ्या गोष्टीतही चर्चची भूमिका अशीच तोलूनमापून घेतलेली आहे. दात्याची स्पष्ट संमती हवी, आणि त्याला होणारा धोका मिळणाऱ्या लाभाच्या प्रमाणात हवा. घरच्यांच्या दबावाखाली दिलेले मूत्रपिंड हे प्रेमाचे दान ठरत नाही. डॉक्टरांनी एकांतात विचारले तर मनातली भीती खरी खरी सांगायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

शरीराबाबत चर्च आपल्यापेक्षा सौम्य आहे. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी उपवास बंधनकारक आहे, तोही अठरा ते एकोणसाठ वर्षे वयाच्या माणसांना. आजाऱ्यांना, गरोदर स्त्रियांना सूट आहे. मधुमेह असताना चाळीस दिवस एकभुक्त राहणारे लोक आपल्यात आहेत. त्यांनी आपला उपवास डॉक्टर आणि धर्मगुरू दोघांना विचारून ठरवावा. झोप सोडून सेवा करायची असेल, तर तीही किती दिवस ते आधी ठरवा.

देवापुढे शब्द देण्याचेही असेच. भरल्या मनाने ‘यापुढे आयुष्यभर’ असे काही बोलून बसू नका. चर्चच्या कायद्यानुसार देवाला दिलेले वचन विचारपूर्वक आणि मुक्तपणे दिलेले असावे लागते, भीतीपोटी किंवा फसवणुकीने दिलेले वचन ग्राह्य धरले जात नाही. आणि वचन पाळणे अशक्यच झाले, तर अधिकारी धर्मगुरू त्यातून मोकळे करू शकतात. पण ती वेळ का आणावी? आधी तीन महिन्यांचा संकल्प करा. शेजारच्या अंथरुणाला खिळलेल्या आजोबांकडे मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी जाईन, त्यांना अंघोळ घालीन, ख्रिस्तशरीर घेऊन फादर येतील त्या दिवशी खोली आवरून ठेवीन. इतके नेमके. ज्यांच्यासाठी करायचे त्यांना विचारून करा, कारण आजोबांना अंघोळीपेक्षा पत्ते खेळायला कुणी तरी हवे असेल. तीन महिन्यांनी तो जुना कागद काढा, मार्गदर्शकाबरोबर वाचा आणि मगच पुढचे ठरवा.

रविवारच्या मिस्सेत या सगळ्याला एक ठरलेली जागा आहे. अर्पणविधीच्या वेळी धर्मगुरू द्राक्षारसात पाण्याचा थेंब मिसळतात. तो क्षण लक्ष देऊन पाहा, आणि तुमचा या आठवड्याचा मंगळवार-शुक्रवार त्या थेंबात ठेवा. एकदा मिसळलेला थेंब वेगळा काढता येत नाही. तुमची सेवा किती आणि ख्रिस्ताची किती, ही मोजदाद मग करता येत नाही, आणि मोजदाद थांबली की निम्मा थकवा जातो.

काही महिन्यांनी पहिला उत्साह ओसरेल. प्रार्थनेत काही वाटेनासे होईल, ज्याची सेवा करता तो शिव्या देईल, सगळे व्यर्थ वाटेल. इग्नाशियसचा नियम इथे अगदी अक्षरशः पाळा. मन असे कोरडे आणि अंधारलेले असताना आधी शांत मनाने घेतलेला निर्णय बदलू नये. बदलायचाच असेल तर मन निवळल्यावर बदला. मदर तेरेसांनी जवळजवळ अर्धे शतक आत असा अंधार सोसला, हे २००७ मध्ये त्यांची पत्रे प्रसिद्ध झाल्यावर जगाला कळले. त्या अंधाराशी जुळवून घ्यायला मदरांना ज्यांची मदत झाली त्यांत पुण्यात ईशज्ञान शिकवलेले जेझुइट फादर जोसेफ न्यूनर होते. हा अंधार त्यांच्या कुठल्या चुकीची शिक्षा नसून त्यांच्या कार्याचाच आध्यात्मिक भाग आहे, हे त्यांनी मदरांना समजावले. मदरांनाही हे दुसऱ्या कुणाकडून ऐकावे लागले. तेव्हा कोरडेपणात एकटे राहू नका. मात्र झोप उडाली, भूक मेली, जगणे नकोसे वाटू लागले, तर तो नुसता आध्यात्मिक कोरडेपणा नसेल. तेव्हा डॉक्टरांकडे जा.

थांबा, पारखा, विचारा असे मी सांगत असताना ऑशविट्झच्या छावणीतला फादर मॅक्सिमिलियन कोल्बे कुणालाही आठवेल. जुलै १९४१ च्या अखेरीस एक कैदी पळाल्याबद्दल दहा जणांना उपाशी मारायचे ठरले. निवडलेल्यांपैकी फ्रान्सिशेक गायोव्हनिचेक बायको-मुलांच्या आठवणीने रडू लागला, तेव्हा कोल्बे रांगेतून पुढे आला आणि मला त्याच्या जागी घ्या म्हणाला. १४ ऑगस्टला विषारी इंजेक्शन देऊन त्याला मारले. गायोव्हनिचेक जगला, आणि १९८२ मध्ये कोल्बेला संतपद दिले गेले तेव्हा तो तिथे हजर होता. कोल्बेला विचार करायला काही क्षणच मिळाले हे खरे. पण ते पाऊल उचलणारा माणूस वर्षानुवर्षे घडत होता. त्याने नागासाकीला मठ उभारला होता, युद्ध सुरू झाल्यावर आपल्या मठात निर्वासितांना, त्यांत ज्यू कुटुंबांनाही, आसरा दिला होता. त्याच नागासाकीत ५ फेब्रुवारी १५९७ रोजी आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया क्रूसावर मारला गेला. त्यालाही हवी ती वाट हवी तेव्हा मिळाली नव्हती. जपानमध्ये जेझुइटांबरोबर त्याने सेवा केली, पण संघात त्याला घेतले नाही. मग तो व्यापारात पडला, आणि पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून दाखल झाला. जपानी भाषा येत होती म्हणून दुभाषा होऊन तो परत जपानला गेला. नकार मिळाला, वाट बदलली, मधली वर्षे दुकानदारीत गेली, म्हणून पाचारण संपले असे समजणाऱ्या तरुणांनी त्याचे चरित्र जरूर वाचावे.

एका प्रसंगाविषयी फारसे बोलले जात नाही. ज्याच्यासाठी तुम्ही इतकी वर्षे दिलीत तो माणूस एक दिवस जातो, किंवा बरा होऊन आपल्या वाटेने निघून जातो. तुमच्या हाताला अचानक काम उरत नाही. लोक म्हणतात, सुटलीस बाई. तुम्हाला मात्र पोकळ वाटते, सुटल्याचा आनंदही वाटतो, आणि त्या आनंदाची टोचणी लागते. ही टोचणी पापाची नाही. पुरेशी झोप घ्या. ज्या मैत्रिणी मागे पडल्या त्यांच्याकडे जा. महिन्याच्या मिस्सेला त्या माणसाचे नाव द्या. दुसरी सेवा लगेच अंगावर घेऊ नका, कुणी आग्रहाने सुचवली तरी नाही म्हणा. निदान सहा महिने फक्त रविवारची मिस्सा, रोजची मौन प्रार्थना आणि घरचे काम एवढेच करा, आणि त्यानंतर मार्गदर्शकाला भेटायची तारीख आजच ठरवून घ्या.